घरातल्या घरात, दोन हजारात हायड्रोपोनिक करायचं तर पाईप आणि पंप सोडा, उजेडावर खर्च करा

तुम्ही विचारलंय की वन बीएचके आहे, ऊन नीट येत नाही, बजेट दोन हजार, तर व्हिडिओत दाखवतात तशी हायड्रोपोनिकची, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर भाजी वाढवायची, पीव्हीसी पाईपची सिस्टीम घरी बनवू का. माझं सरळ उत्तर, नका बनवू. मी नेमकं तिथूनच सुरू केलं होतं, पाईप, एल्बो, बारा भोकं, टाकीत सबमर्सिबल पंप, आणि दोन दिवस गावाला गेलो तेव्हा मागे लाईट गेली नि पंप बंद पडला, परत आलो तर सगळी रोपं वाळून कागद झालेली. पाईपमध्ये पाणी साठून राहत नाही ना, पंप थांबला की मुळं काही तासांतच सुकायला लागतात. त्यात पाईप घरात अर्धी भिंत खातो. आता चार वर्षं झाली, आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी लोखंडी रॅकवर दोन खोके आहेत, पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही, आणि लेट्यूस आणि बेसिल मी विकत आणलेलं मला आठवत नाही.

या पद्धतीला क्रॅट्की म्हणतात, हवाई विद्यापीठातल्या बी. ए. क्रॅट्की यांच्या नावावरून. खोक्यात खताचं पाणी एकदाच भरायचं, झाकणाला भोकं पाडून त्यात जाळीचे कप बसवायचे, पाण्याने कपाचा फक्त तळ जेमतेम भिजायला पाहिजे, आणि मग सोडून द्यायचं. झाड पाणी पितं, पातळी खाली जाते, मुळं पाण्याच्या मागे मागे खाली जातात आणि वर जी मोकळी जागा तयार होते तिथली मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात. म्हणजे पंपाचं काम ती रिकामी जागाच करते.

हे मला वाचून कळलं होतं पण पटलं नव्हतं. पहिल्या खोक्यात तीन आठवड्यांनी बघितलं तर पाणी निम्म्यावर आलेलं, मला वाटलं अरे बापरे, झाडं तहानलेली असतील, मी मायेने काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं माना टाकून पडली, पाण्यात उभी असून! झाकण उचलून बघितलं तेव्हा समजलं. मुळांचे दोन प्रकार होते, खाली लांब पांढरे दोरे आणि वर कपाच्या भोवती बारीक केसाळ, एकदम लोकरीसारखी. ती वरची लोकर म्हणजे झाडाचं नाक, आणि मी तेच बुडवलं होतं. चार दिवसांत ती तपकिरी झाली, हात लावला की बुळबुळीत निसटायची आणि खोक्याला गटाराचा वास यायला लागला. म्हणून सांगते, पाणी घालायची वेळ आलीच तर तळाशी दोन-तीन इंच, त्याच्या वर नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

खोका विकत घ्यायची गरज नाही. मेडिकलवाल्याकडे इंजेक्शनं, लसी येतात त्या थर्माकोलच्या पेट्या असतात, तो त्या फेकूनच देतो, मागितली की मिळते. दीड फूट लांब, फूटभर रुंद, आतून सहा इंच खोल अशी मिळाली तर १५ लिटर पाणी मावतं आणि चार लेट्यूस आरामात होतात, कारण एक लेट्यूस लावल्यापासून काढेपर्यंत साधारण ३ ते ४ लिटर पाणी पितं. थर्माकोलचा अजून एक फायदा म्हणजे पाणी गार राहतं. आतून काळं प्लॅस्टिक अंथरा, नाहीतर कोपऱ्यातून झिरपतं. झाकणावर कप उपडा ठेवून पेनने गोल काढा आणि कटरने रेघेच्या किंचित आतून कापा, म्हणजे कप घट्ट बसतो. बाहेरून काळी टेप किंवा फॉइल लावा, पाण्याला उजेड दिसला की शेवाळ आलंच. आणि वजनाचा विचार करा, भरलेली पेटी पंधरा-सोळा किलोची होते, भिंतीवरच्या प्लायच्या फळीवर ठेवू नका.

आता मुख्य खर्च, उजेड. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते पण ट्यूबलाईट लावलेल्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे लक्स (उजेडाचं माप) असतात, आणि बाहेर भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास! खिडकीत ठेवलं तर चालेल ना, असं सगळे विचारतात आणि मग रोप काडीसारखं लांबत जातं, पडतं, आणि लोक म्हणतात खत कमी पडलं. खत नाही हो, उजेड कमी पडला. जांभळा ग्रो लाईट घ्यायची गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन फुटी एलईडी ट्यूब मिळते, १० वॅटची, पांढऱ्या उजेडाची, म्हणजे बॉक्सवर ६५०० के लिहिलेलं असतं ती, अशा चार घ्या आणि रॅकच्या वरच्या फळीला खालून शेजारी शेजारी लावा. चार फुटी दोन घेतल्या तर स्वस्त पडतात पण अर्धा उजेड पेटीच्या बाहेर जातो. रोपाच्या शेंड्यापासून ट्यूब एक वीतभर, जास्त नाही. मोबाईलमध्ये लक्स मोजायचं फुकट ॲप असतं, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो, दहा हजारांच्या वर आकडा यायला पाहिजे, माझ्याकडे चौदा हजार येतो. रोज १४ तास, टायमर प्लग लावून. चाळीस वॅट गुणिले चौदा तास म्हणजे महिन्याला १७ युनिटच्या आसपास, बिलात फार फरक पडत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, खाली जमिनीवर अजिबात नको.

खताबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथे खूप गोंधळ असतो. माझे सासरे म्हणाले होते की गावाकडे हायड्रोपोनिकचा चारा करतात, मका ट्रेमध्ये नुसत्या पाण्यावर आठ दिवसांत वीतभर येतो, मग तुला खत कशाला लागतं. बरोबर आहे त्यांचं, पण तो मका दाण्यातल्या शिदोरीवर वाढतो आणि शिदोरी संपायच्या आत जनावराच्या पोटात जातो. लेट्यूसच्या बियाची शिदोरी ती केवढीशी, चार-पाच दिवसांत संपते, पुढे सगळं पाण्यातूनच मिळायला पाहिजे.

आणि नर्सरीवाला १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, हातात देईल, त्याने होणार नाही. त्यात कॅल्शियम नाही, आणि नत्र निम्म्याहून जास्त युरियाच्या रूपात असतं, मातीत जिवाणू ते फोडून देतात, तुमच्या पेटीत ती माती कुठे आहे? कोवळ्या पानांच्या कडा काळ्या पडायला लागतात आणि वाढ थांबते.

पहिल्या वेळी हायड्रोपोनिकचं तयार ए आणि बी बाटल्यांचं खत घ्या, साडेतीनशेच्या आसपास छोटा जोड येतो. जमलं की मग कृषी सेवा केंद्र गाठा. माझा मामेभाऊ तासगावला द्राक्षबागायतदार आहे, त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, अगं ताई हे तर आम्ही रोज ड्रिपमधून सोडतो, विद्राव्य खतं! त्याच्याशी बोलून मी जे बसवलं ते असं, १० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, तेरा शून्य पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) ३ ग्रॅम, झिरो बावन्न चौतीस (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम आणि लोह असलेलं चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट (सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण) अगदी चिमूटभर. पालेभाज्यांना हे पुरतं. किलोची पाकिटं घ्यावी लागतात पण ती वर्षानुवर्षं पुरतात, फक्त कॅल्शियम नायट्रेट हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात त्याचं पाणी होतं. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा लागेल, चमच्याने अंदाजे नको. आणि भावाने दहादा बजावलेली गोष्ट, कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फरसवालं किंवा सल्फेटवालं खत घट्ट स्वरूपात कधीच एकत्र करायचं नाही, पाणी दुधासारखं होतं आणि तळाला चुन्यासारखा साका बसतो, मग तो झाडाच्या काही उपयोगाचा नाही. तयार खताच्या दोन वेगळ्या बाटल्या असतात त्या याच कारणासाठी. प्रत्येक खत वेगळ्या ग्लासात विरघळवून मग मोठ्या बादलीत एकेक ओतायचं.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, घ्या, अडीचशेला मिळतो. आधी साधं पाणी मोजा. आमच्याकडे नळाचं शंभरच्या आत येतं पण उन्हाळ्यात टँकर आला की सहाशे दाखवतो, त्या पाण्यात खत घालायला जागाच उरत नाही, तेव्हा मी आरओचं पाणी अर्धं मिसळते. लेट्यूसला खत घालून एकूण ६००-७०० पुरे, कोवळ्या रोपांना त्याच्या निम्मं. पीएच, म्हणजे पाणी किती आंबट त्याचं माप, साडेपाच ते साडेसहा, शोभेच्या माशांच्या दुकानात ते मोजायचं थेंबांचं किट मिळतं. जास्त असला की लिंबू पिळतात, पण पीएच दोन-तीन दिवसांत परत वर चढतो, म्हणून पीएच डाऊनची, म्हणजे तो खाली आणणाऱ्या द्रावणाची, छोटी बाटली घेतलेली बरी.

हिशोब करून बघा, ट्यूब सहाशे, टायमर चारशे, मीटर अडीचशे, पीएच किट दीडशे, खत साडेतीनशे, कप साठ, टेप नि प्लॅस्टिक शंभर, एकोणीसशेच्या आसपास झाले. वायर, होल्डर घरात असेल असं धरलंय.

काय लावायचं? लेट्यूस, बेसिल, पुदिना, पालक. पुदिना तर बियाणंही नको, मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. मेथी-कोथिंबीर होते, पण पावसाळ्यात भाव चढले ते दिवस सोडले तर जुडी स्वस्तच मिळते, त्यासाठी ट्यूब जाळण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पैसे वसूल होतात ते लेट्यूस आणि बेसिलमध्येच. टोमॅटो, मिरची या उजेडात नादाला लागू नका.

लेट्यूसचं बी साध्या फोमच्या इंचभर तुकड्यात चीर देऊन वरच्यावर ठेवायचं, आत दाबायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. गादीवाल्याकडे फोमचे तुकडे मिळतात. एप्रिल-मेमध्ये तीस डिग्रीच्या वर ते बी सहसा उगवत नाही, तेव्हा बी ठेवलेला ओला फोम डब्यात घालून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा, किंवा सरळ उन्हाळ्यात माठाची पालेभाजी आणि बेसिल लावा आणि लेट्यूस दिवाळीच्या आधी सुरू करा. दहा-बारा दिवसांत फोमच्या खालून मूळ डोकावलं की कपात बसवायचं. चाळीस दिवसांच्या आसपास बाहेरची पानं तोडायला येतात, मधला गाभा ठेवला की अजून दोन-तीन आठवडे पानं मिळत राहतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो, आणि तुमची पेटी महिनाभर उघडत नाही! कप आणि झाकणाच्या मध्ये अगदी बारीकशी फट दिसली तरी कापूस किंवा फोम कोंबा, झाकणाच्या कडेला टेप मारा, रिकामं भोक राहिलं असेल तर ते बुजवा. घरात लहान मूल असेल तर यात हयगय नको. मी दर रविवारी टॉर्च मारून एकदा आत बघते, पाणी किती उरलंय तेही कळतं.

पीक निघाल्यावर तळाला जे दोन-तीन लिटर पाणी उरतं ते बेसिनमध्ये ओतू नका. निम्म्याला निम्मं साधं पाणी घालून मी ते खाली सोसायटीतल्या कढीपत्त्याला घालते. पेटी मात्र धुऊन एक दिवस उन्हात वाळवायची आणि मगच पुन्हा भरायची.