मारुती ८०० अजून पाच-सात वर्षं चालवायची आहे, स्पेअर पार्ट आत्ताच घेऊन ठेवू का? (जळगाव)

सगळं नको. ८०० बंद झाली २०१४ मध्ये, पण ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती आणि इंजिन तेच, ७९६ सीसीचं. म्हणून इंजिनाच्या सामानाची घाई नाही.

रबराचं तर मुळीच साठवू नका. बेल्ट, होज, ऑइल सील आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडून पडूनच कडक होतात. दुकानात जुना माल माथी मारतात तोही असाच. बेल्ट उलटा वाकवून बघा, बारीक चिरा लगेच दिसतात. ब्रेक ऑइल लागेल तेव्हाच, सीलबंद.

घ्यायचंच तर काचा, हेडलाइट, दाराची हँडलं. गाडी कार्ब्युरेटरवाली असेल तर भंगारात धड कार्ब्युरेटर दिसला की भाव करत बसू नका, उचला. बेअरिंग मात्र मूळ पाकिटातच राहू द्या.