जळगावहून अमेरिकेचा समर वर्क व्हिसा: स्वतः करावा की एजंटकडून?

व्हिसाचा अर्ज स्वतःच भरा, पण स्पॉन्सर मात्र लागतोच. या समर वर्क व्हिसाला जे-१ म्हणतात; त्यासाठीचा डीएस-२०१९ हा कागद अमेरिकी परराष्ट्र खात्याची मान्यता असलेली स्पॉन्सर संस्थाच देते. जळगाव-धुळ्याचा एजंट तो देऊ शकत नाही. त्यामुळे ‘व्हिसाची गॅरंटी’ सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. काही स्पॉन्सर स्थानिक प्रतिनिधीमार्फतच अर्ज घेतात, तेव्हा त्याचं नाव स्पॉन्सरकडूनच ईमेलवर मागवा, आणि यंदा भारतातली मुलं घेताय का, तेही विचारा. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज कॉम्प्युटरवर भरा. वीसेक मिनिटं हात थांबला की पान बंद पडतं, म्हणून अॅप्लिकेशन आयडी आधी वहीत उतरवून ठेवा. बोटांचे ठसे आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतली मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असते. मुंबईत एक मुक्काम धरूनच परतीचं तिकीट काढा.