लेकीची दस्तार आणि जुना फोटो

*ताई, आम्ही नांदेडचे शीख. माझं माहेरही नांदेडच, शाळा मराठी, म्हणून मराठीत लिहिते. माझी मुलगी पुण्यात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आली ती दस्तार, म्हणजे आमची शिखांची पगडी, बांधूनच. बैसाखीला अमृत छकणार, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेणार म्हणते. भुवया कोरणं बंद, ओठावरची लव काढणं बंद. आमच्याकडे आजी-पणजीपासून सगळ्या ओढणीवाल्या, दस्तार कुणी बांधली नाही. तिचे वडील काहीच बोलत नाहीत. माझ्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलं, "हिला पोरगा व्हायचंय का?" मी रागानं मुलीला सांगितलं, तुझ्या पूणीला मी हात लावणार नाही. आता ती कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून एकटीच पूणी करते. नागपूरचं स्थळ आलंय. मुलगा चांगल्या नोकरीत आहे, केस कापलेले आहेत. त्यांना मी तिचा दोन वर्षांपूर्वीचा ओढणीतला फोटो पाठवला. पुढच्या महिन्यात ते बघायला येणार आहेत. ही आपली परंपरा आहे का हो, की बाहेरून आलेलं फॅड? तिला कसं समजावू?*

नांदेडच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खिडकीच्या गजापाशी अडले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दस्तारीचं कापड पाच-सहा मीटरचं, पातळ, व्हॉइलचं. ते बांधण्याआधी दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायचं, घडी घालायची, पुन्हा ताणायचं, पुन्हा घडी, असं करत त्याची पंजाएवढी रुंद पट्टी करायची. ही पूणी. एकट्यानं करता येते, पण तिची खरी रीत दोन माणसांची. तुमच्या यजमानांच्या पूणीचं दुसरं टोक इतकी वर्षं कुणी धरलं? तुम्हीच धरलं असणार. रोज सकाळी, चहा उकळत असताना, हात पुसून. म्हणजे हे कापड तुमच्या हाताला परकं नाही. ते लेकीच्या डोक्यावर गेलं आणि परकं झालं.

परंपरेचं विचारलंत, तर उत्तर तुमच्या गावातच आहे. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आवारात माई भागोचा बुंगा, म्हणजे तिच्या नावाची वास्तू, तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल. आनंदपूरला बेदावा, म्हणजे 'तुम्ही आमचे गुरू नाही' असा कागद, लिहून देऊन गुरूंना सोडून आलेल्या चाळीस शिखांना लाजवून परत रणात नेणारी ही बाई. १७०५ मध्ये मुक्तसरला लढली, जखमी झाली, वाचली. पुढे पुरुषी वेशात, हातात शस्त्र घेऊन गुरू गोविंदसिंहांची अंगरक्षक म्हणून राहिली आणि त्यांच्याबरोबर नांदेडला आली. १७०८ मध्ये गुरू गेल्यावर ती बिदरजवळ जनवाड्याला राहिली, तिथंही तिचं स्थान आहे. तुम्ही म्हणाल, पुरुषी वेश म्हणूनच तर जाऊ तसं बोलली. पण त्या बाईच्या बुंग्यापुढे तुमची जाऊही हात जोडतच असेल ना? आणि हात जोडताना माई भागोला पोरगा व्हायचं होतं का, असं कधी जावेच्या मनात आलं नसेल.

१६९९ च्या बैसाखीला गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथ स्थापला, तेव्हा केस राखायचा नियम बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा असा नव्हता. दस्तार त्या केसांसाठी. मग नियम काय म्हणतो? शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं १९४५ मध्ये मंजूर केलेली शीख रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, पुरुषाला दस्तार आवश्यक मानते आणि बाईनं बांधावी किंवा न बांधावी, दोन्ही चालतं असं सांगते. त्याच मर्यादेत, शीख बाईनं पडद्यात तोंड झाकणं योग्य नाही, असंही आहे. अखंड कीर्तनी जथा या शीख गटात तर केसकी, म्हणजे छोटी दस्तार, पाच ककारांत, म्हणजे अंगावर बाळगायच्या पाच खुणांत, धरतात आणि ती बायकाही बांधतात. निहंग या शस्त्रधारी शिखांमध्येही दुमाला, म्हणजे त्यांची उंच दस्तार, बांधणाऱ्या बायका आहेत. हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूनं, तुमच्या आजी-पणजीची ओढणीही खोटी नाही. दस्तार बांधणाऱ्या मुली गेल्या काही दशकांत वाढल्या, परदेशातही वाढल्या, हेही खरं आहे. पण फॅड म्हणून ते झटकून टाकता येणार नाही. फॅडसाठी कुणी पहाटे उठून नितनेम, म्हणजे रोजचा पाठ, करत नाही.

तेव्हा "परंपरा नाही" हे कारण तिच्यापुढे टिकणार नाही. ती तुमच्यापेक्षा जास्त वाचून आली असेल. पण तीच मर्यादा तुमच्याही बाजूची आहे. तुमची ओढणी तिच्या दस्तारीपेक्षा कमी धर्माची नाही, आणि हे तिलाही मान्य असायला हवं. नव्यानं काही स्वीकारलेली माणसं कधी कधी घरातल्यांकडे वरून बघतात. ती तसं करत असेल तर तिला जरूर टोका.

जाऊबाईंच्या त्या वाक्याची मुळं खोल आहेत. तुमच्याकडे वडील वारल्यावर थोरल्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधतात, घराची जबाबदारी त्याच्याकडे आली म्हणून. आपल्या मराठी बोलण्यातही पगडी म्हणजे अब्रू, ती सांभाळायची पुरुषानं आणि बाईच्या वागण्यानं ती जाते. अशा वेळी मुलीनं स्वतःच ती डोक्यावर घेतली की लोकांना वाटतं, हिनं मुलाचं काहीतरी उचललं. आम्ही मराठी लोकही वेगळे नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी आणि फेट्यातली मुलगी बुलेटवर बसली की आम्ही कौतुकानं टाळ्या वाजवतो, कारण संध्याकाळी तो फेटा उतरणार असतो. तुमच्या लेकीची दस्तार उद्या सकाळीही असणार आहे, कॉलेजात, बसमध्ये, नोकरीच्या मुलाखतीत. त्यासाठी जास्त धीर लागतो, आणि तो तिनं घरातून कुणाचा हात नसताना गोळा केलाय, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता जे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, त्यावर बोलते. ओठावरची लव. मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथं आहे. दस्तारीचं निदान धर्म म्हणून सांगता येतं, पण लेकीच्या चेहऱ्याकडे लोक टक लावून बघतात तेव्हा आईच्या पोटात कालवतं. ते स्वाभाविक आहे, त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त हे लक्षात ठेवा, की ती आरशात रोज तोच चेहरा बघते आणि लोकांच्या नजरा तुमच्याआधी तिला लागतात. तरीही ती ठाम आहे. घरात त्या विषयावर एकही शब्द बोलू नका. सल्ला नको, उसासा नको, पार्लरवालीचं नाव नको.

एक प्रश्न मात्र तिला विचारा, शांतपणे, दोघीच असताना. हे तुझं तू ठरवलंस ना? कुणी मैत्रीण, कुणी जथा, कुणी मुलगा यांच्या धाकानं किंवा प्रेमानं नाही ना? तिचं तिनं ठरवलं असेल तर तुम्हाला ते दोन मिनिटांत कळेल. आणि तिला हेही सांगा, की पुढे कधी ही दस्तार उतरवावीशी वाटली तर या घरात कुणी टोमणा मारणार नाही. अमृत छकणं ही मोठी गोष्ट आहे, ती घाईनं नको, पण अडवूही नका. दस्तारीनं सगळी दारं उघडतात असंही तिनं समजू नये. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, गाभ्यात बायकांना कीर्तन करू द्या, असा ठराव २०१९ मध्ये पंजाबच्या विधानसभेला करावा लागला. त्या वाटेवर तिला तुमची गरज पडेल.

तुमचे यजमान गप्प आहेत, हे मला खटकलं. स्वतः रोज दस्तार बांधणाऱ्या बापानं जाऊबाईंसमोर एक वाक्य बोलायला हवं होतं. त्यांना सांगा, अजून वेळ गेलेली नाही.

राहिलं नागपूर. ताई, तो फोटो पाठवलात ते चुकलं. मी हे रागानं म्हणत नाही, भीतीनं आई काय काय करते ते मला माहीत आहे. पण त्या फोटोतली मुलगी आता तुमच्या घरात नाही. मुलाचे केस कापलेले चालतात, त्याबद्दल तुम्ही कुणीच कुणाला विचारलं नाही, आणि केस राखणाऱ्या मुलीचं मात्र लपवायचं, यात मला न्याय दिसत नाही. शिवाय हे फक्त दिसण्याचं नाही. एक पहाटे उठून पाठ करणार, केस जपणार, अमृत छकलेली. दुसऱ्याला त्यात रस नाही. जमेलही त्यांचं, पण दोघांना आधी ठाऊक असलं तरच. अमृतधारी मुलगी हवी म्हणून शोधणारीही घरं आहेत, तिथं तुम्हाला काहीच लपवावं लागणार नाही.

नवा फोटो काढा, तिला विचारून, तिच्या आवडीच्या रंगाच्या दस्तारीत. काढायच्या दिवशी सकाळी गजाचं टोक सोडा आणि तुम्ही धरा. काही बोलायची गरज नाही, पूणी करताना तसंही समोरच्याच्या हाताकडे बघावं लागतं. मग तो फोटो नागपूरला पाठवा आणि फोनही करा, या आठवड्यातच. सांगा, आमची मुलगी आता अशी आहे, बैसाखीला अमृत छकायचं म्हणते, तुम्हाला चालणार असेल तर जरूर या. त्यांना नको असेल तर तो नकार फोनवर येऊ दे, तुमच्यापर्यंत. तिला दिवाणखान्यात बसवून, चहाचा ट्रे हातात देऊन, सगळ्यांच्या नजरांसमोर नको.