ओठ गोल की सैल?

प्रश्न : घरीच कोरियन शिकते आहे. पुस्तकात इंग्रजीत 'ई-ओ' आणि नुसता 'ओ' असे लिहिलेले दोन स्वर मला सारखेच ऐकू येतात. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ती इंग्रजी अक्षरं वहीतून खोडा. त्यांच्यापायीच आपण दक्षिण कोरियाच्या राजधानीला, सोलला, 'सेऊल' म्हणत बसलो. त्या नावात 'ए' मुळात नाहीच.

आता आरसा घ्या. 'डॉक्टर' म्हणा आणि 'डॉ'वर थांबा. जबडा तसाच ठेवून ओठ सैल सोडा. आवाज 'अ'कडे झुकेल, तोच तुमचा 'ई-ओ'. 'ओ'ला मात्र ओठांचा नीट चंबू हवा. मी हे सोलच्या एका कॅफेत शिकले. चंबू करून ऐटीत 'कोपी' मागितली, तर पोरगी माझ्या नाकाकडे बघायला लागली. कॉफीच्या शब्दात सैल ओठांचा स्वर आहे. चंबू केला की अर्थ होतो नाकातून आलेलं रक्त!

लिहिताना गोंधळ कमी. राजा सेजोंगने 1443 मध्ये लिपी केली तेव्हा ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ जमीन, उभी रेघ माणूस. ठिपक्याची पुढे काडी झाली. उभ्या रेघेच्या उजवीकडे काडी असेल तर 'आ', डावीकडे असेल तर तुमचा त्रासदायक स्वर. आडवीच्या वर 'ओ', खाली 'उ'. दोन काड्या दिसल्या की आधी 'य' लावा.

नुसती आडवी रेघ? 'ऊ' म्हणता म्हणता ओठ 'ई'सारखे फाकवा, जीभ हलवू नका. घरचे हसतील, हसू द्या.