माउस फिरवला की आवाज का चरचरतो?

प्रश्न : ताई, हौसेखातर प्युअर डेटामध्ये (ठोकळे जोडून ध्वनी घडवण्याचा संगणक-प्रोग्राम) एक साधं वाद्य बांधलं आहे. माउस आडवा सरकवला की सूर १०० पासून ६४०० हर्ट्झपर्यंत चढतो, उभा सरकवला की आवाज लहान-मोठा होतो. पण हात जोरात फिरवला की चरचर ऐकू येते. शिवाय पडद्याच्या डाव्या कडेला नुसता धक्का लागला तरी सूर कुठल्या कुठे जातो आणि उजवीकडे बोटभर सरकवूनही फारसं काही घडत नाही. मित्र म्हणतो, गेमिंगचा माउस घे. घेऊ का?

उत्तर : नको, पैसे राहू देत. दोन्ही दुखणी माउसची नाहीत.

आधी चरचर. साधा यूएसबी माउस आपली हालचाल संगणकाला सहसा सेकंदातून १२५ वेळा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. ध्वनी मात्र सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या (लाटेच्या सुट्या मोजमापांच्या) गतीने चाललेला असतो. माउसच्या दोन निरोपांमध्ये साडेतीनशेच्या वर सॅम्पल निघून जातात. तेवढा वेळ तुमची आवाजाची पातळी होती तिथेच ठाण मांडून बसते आणि मग एकदम उडी मारते. हात सावकाश असेल तर उड्या बारीक, कानाला पत्ता लागत नाही. हात जोरात गेला की प्रत्येक उडीला लाट मध्येच कापली जाते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. असे टक् टक् एकापाठोपाठ एक आले की झाली चरचर. ध्वनीवाले तिला झिपर नॉइज म्हणतात. गेमिंगचा माउस सेकंदाला १००० वेळा निरोप देईल, त्यामुळे चरचर बारीक होईल, जाणार नाही.

खात्री करायची असेल तर पातळी एका जागी बांधून ठेवा आणि माउस फक्त आडवा फिरवा. चरचर बहुतेक गायब होईल. ऑसिलेटरची (सुराची लाट तयार करणाऱ्या ठोकळ्याची) वारंवारता अचानक बदलली तरी लाट होती तिथूनच पुढे सुरू राहते, कापली जात नाही. पायऱ्या जाणवतील, टक् नाही. म्हणजे दोष लाटेला पातळीच्या आकड्याने गुणण्यात आहे.

उपाय : पातळीचा आकडा थेट गुणाकाराला देऊ नका. मध्ये ‘लाइन टिल्डा’ (नावापुढे ~ ही खूण असलेला ‘लाइन’ ठोकळा) ठेवा आणि त्याला २० मिलिसेकंदांची मुदत द्या. तो प्रत्येक सॅम्पलला थोडं थोडं सरकत नव्या आकड्यापर्यंत पोचतो. मात्र टिल्डा विसरू नका. बिनटिल्ड्याचा ‘लाइन’ स्वतःहून दर २० मिलिसेकंदांनीच आकडा सोडतो, म्हणजे तुमच्या माउसपेक्षाही खडबडीत. पुढे फिल्टर (ध्वनीतला काही भाग गाळणारा ठोकळा) जोडलात तर ‘लोप टिल्डा’ आणि ‘बीपी टिल्डा’ या फिल्टरांची वारंवारता फक्त सुट्या आकड्यांनी बदलते. ‘व्हीसीएफ टिल्डा’ला मात्र सलग सिग्नल देता येतो. माउसने फिल्टर फिरवायचा तर तोच घ्या.

मुदत वाढवत नेण्याचा मोह आवरा. सुपरकोलायडर या ध्वनीच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये माउसचा आकडा मुळातच ०.२ सेकंदांच्या विलंबाने गुळगुळीत होऊन मिळतो. चरचर औषधालाही सापडत नाही, पण सूर हाताच्या मागे फरफटत येतो. फिल्टरच्या संथ हालचालीला ते चालतं, ठेक्यात वाजवायला नाही.

आता डाव्या-उजव्याचं. पडदा १९२० पिक्सेल रुंद धरू. तुम्ही ६३०० हर्ट्झ सारखे वाटून टाकलेत, म्हणजे पिक्सेलला सव्वातीन हर्ट्झ आणि वर थोडं. १०० हर्ट्झपाशी एवढ्यात अर्ध्या अर्धस्वराहून (अर्धस्वर म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) जास्त फरक पडतो. डाव्या कडेचा पहिला अख्खा अर्धस्वर दोन पिक्सेलांतही मावला! उलट ३२०० ते ६४०० हे एकच सप्तक अर्ध्याहून अधिक पडदा अडवून बसलं आहे. कान हर्ट्झची वजाबाकी करत नाही, तो पट मोजतो. म्हणून माउसची जागा ० ते १ या मापात आणा, ६४ चा तेवढा घात काढा आणि १०० ने गुणा. आता पडद्याच्या मध्यावर ८०० हर्ट्झ येतील, सहाही सप्तकांना प्रत्येकी ३२० पिक्सेल मिळतील आणि एका पिक्सेलला पावणेचार सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग).

आवाजाच्या पातळीलाही हाच न्याय : उणे ६० ते ० डेसिबल असं वाटा आणि अगदी तळाची पट्टी पूर्ण शांततेसाठी राखून ठेवा. बहुतेक ठिकाणी पडद्याचं उभं मोजमाप वरून खाली होतं, तेव्हा आकडा उलटा करून घ्यावा लागेल.

प्रश्न : त्याच पत्रात पुढे : हात थांबला तरी सूर एकसुरी चालूच राहतो. निर्जीव वाटतं.

उत्तर : वाटणारच. थेरेमिन आठवा. १९२० च्या सुमारास आलेलं हे वाद्य हात न लावता वाजतं, पण त्यात सुराला एक हात आणि आवाजाला दुसरा. सूर मिटवायला एक हात कायम मोकळा असतो. तुम्ही दोन्ही कामं एकाच मनगटावर टाकली आहेत. निदान बटण दाबलेलं असेल तेवढाच वेळ सूर वाजू द्या.

माझं मत विचाराल तर माउसकडून सूर लावून घेऊच नये. मींड सुरेख येते, पण नेमक्या स्वरावर उतरता येत नाही. सूर दुसऱ्या हाताने कीबोर्डवरून द्या आणि माउसची जागा नव्हे, वेग वापरा. माउस मुळात ‘किती सरकलो’ एवढंच सांगतो, ‘कुठे आहे’ हे संगणक बेरीज करून ठरवतो. दर १० मिलिसेकंदांनी आडव्या आणि उभ्या सरकण्याचे वर्ग करा, बेरजेचं वर्गमूळ काढा. हा वेग चढताना चटकन, उतरताना साधारण २०० मिलिसेकंदांत ओसरू द्या आणि त्यावर आवाज व फिल्टर दोन्ही बांधा. हात फिरतोय तोवर सूर, थांबला की विरला, व्हायोलिनच्या गजासारखं.

यात दोन खोड्या निघतात. बाण पडद्याच्या कडेला अडकला की हात हलत असूनही वेग शून्य दिसतो. म्हणून बाणाची जागा न घेता माउसचं कच्चं सरकणं वाचा. आणि पॉइंटरचा प्रवेग बंद करा. विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाची खूण असते, ती काढून टाका. नाही तर तेवढ्याच अंतराला कधी शंभर पिक्सेल, कधी दोनशे.

प्रश्न : माउसने डिलेची (ध्वनी साठवून थोडा उशिरा ऐकवण्याची) वेळ बदलली की सूरच का बदलतो?

उत्तर : ही वेळ सलग बदलत असाल तर तो दोष नाही, गणित आहे. डिले एका सेकंदात २५० मिलिसेकंदांनी कमी केलात तर त्या सेकंदात ध्वनी सव्वापट गतीने वाचला जातो. सव्वापट म्हणजे सा चा शुद्ध गंधार. तेवढाच वाढवलात तर पाऊणपट, मंद्र पंचम. सेकंदाला अख्खा सेकंद वाढवलात तर वाचन एका जागी गोठतं, त्याहूनही वेगाने वाढवलात तर ध्वनी उलटा वाजायला लागतो.