प्रक्रिया न केलेल्या निळ्या स्पिनेलमध्ये एवढं आवडण्यासारखं काय आहे?

निळाच खडा हवा असेल तर नीलम सोडून स्पिनेल कशाला घ्यायचा, आणि तो 'प्रक्रिया न केलेला' असण्याचं एवढं कौतुक का, असं तुम्ही विचारलंय. मी हौस म्हणून खड्यांना पैलू पाडते, त्यामुळे मला आधी चाकावरचा अनुभव आठवतो.

नीलमाचा कच्चा दगड घासायला घेण्याआधी त्याचा अक्ष, म्हणजे स्फटिकाची मुख्य दिशा, शोधावा लागतो. नीलमात शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण होतात आणि दोघांचा रंग सारखा नसतो. अक्षाच्या दिशेने पाहिलं तर छान जांभळट निळा, आडवं पाहिलं तर हिरवट झाक. वरचा मोठा पैलू चुकीच्या दिशेला आला की ती झाक कायमची डोळ्यांत खुपते. स्पिनेलचं तसं नाही. त्याचा स्फटिक घन प्रणालीतला, म्हणजे लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशांना सारख्या रचनेचा; त्यात प्रकाश दुभंगत नाही, म्हणून कोणत्याही बाजूने पाहा, निळा तोच. दगड कसाही फिरवून जास्तीत जास्त वजन राखता येतं. त्यात मोह्स मापनावर कठीणपणा ८ (हिऱ्याचा १०), पॉलिशही अप्रतिम चढतं. पैलूंच्या कडा अगदी धारदार येतात आणि त्यातून उसळणारा उजेड स्वच्छ, करकरीत दिसतो. मी स्पिनेलच्या प्रेमात पडले ती इथेच.

आता रंगाबद्दल. शुद्ध स्पिनेल म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड; त्याला स्वतःचा रंग नसतो. निळा येतो तो लोह आणि कोबाल्टमुळे. लोहाचा वाटा जास्त असेल तर निळा करडा होतो, पावसाळी आभाळासारखा किंवा शाईसारखा गडद. बाजारात येणारे बहुतेक निळे स्पिनेल याच जातीचे, आणि पुष्कळ लोक त्यांना 'मळकट' म्हणून बाजूला सारतात. मला तो करडेपणाच आवडतो. कोबाल्टचा अंश पुरेसा असेल तर मात्र निळा पेटल्यासारखा दिसतो. त्यासाठी कोबाल्ट अगदी नगण्य प्रमाणातही पुरतो. व्हिएतनाममधल्या लुक येनचे असे खडे प्रसिद्ध आहेत. श्रीलंका आणि टांझानियातल्या महेंगे भागातूनही ते मिळाले आहेत. मोठ्या आकारात मात्र फार दुर्मिळ. यातले काही खडे दिवसाच्या उजेडात निळे आणि पिवळ्या बल्बखाली जांभळट दिसतात.

'नैसर्गिक' या शब्दाचं मोल मला एका फसलेल्या खरेदीने शिकवलं. सुरुवातीला मी एक झगझगीत निळा खडा स्पिनेल म्हणून घेतला. भिंगातून पाहिलं तर आत काहीच नाही, काचेसारखा निर्मळ. खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो, म्हणजे अपवर्तनांक, मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला तर आकडा आला १.७२८. नैसर्गिक स्पिनेलचा साधारण १.७१८ असतो. तो निघाला ज्वालेत वितळवून बनवलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोबाल्ट घालून कृत्रिम नीलम बनवायची खटपट चालली होती, त्यात हा कृत्रिम स्पिनेल हाती लागला. पुढे स्वस्त दागिन्यांत 'नीलम' म्हणून तोच ढिगाने बसवला गेला. त्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) जास्त असतो, म्हणून अपवर्तनांक वर सरकतो. स्पिनेल स्पिनेलच, पण महिनाभर जपलेला तो खडा मला पुन्हा बोटात घालावासा वाटला नाही.

त्यानंतर घेतलेला खडा फिकट आणि करडा होता. भिंगाखाली त्यात एका रांगेत बारीक बारीक अष्टफलक दिसले, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवावेत तसे. स्पिनेलचा स्फटिक ज्या आकारात वाढतो, तोच आकार त्याच्या पोटातल्या इवल्या पोकळ्यांनाही येतो. ते पाहताना मी किती वेळ मान वर केली नाही!

प्रक्रियेचं म्हणाल, तर नीलम तापवणं ही आता सर्रास गोष्ट आहे. श्रीलंकेतले दुधाळ गेउडा दगड दीड हजार अंशांच्या वर तापवून निळे केले जातात. त्यात खोटेपणा नाही, सांगून विकलं की झालं. निळ्या स्पिनेलला साध्या तापवण्याने फारसा फायदा होत नाही, म्हणून पूर्वी तो जसा निघाला तसाच आहे असं गृहीत धरलं जायचं. आता तसं धरून चालू नका. गेल्या काही वर्षांत फिकट स्पिनेलमध्ये उष्णतेने कोबाल्ट मुरवून रंग चढवलेले खडे बाजारात आले आहेत. असा खडा द्रवात बुडवून पाहिला की रंग भेगांच्या आणि कडांच्या बाजूने साठलेला दिसतो. म्हणून गडद, झगझगीत निळा खडा घेत असाल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागाच. 'कोबाल्ट स्पिनेल' कशाला म्हणायचं याचे निकष सगळ्या प्रयोगशाळांचे सारखे नाहीत, तेव्हा नुसत्या नावावर जास्तीचे पैसे मोजू नका.

स्पिनेलला स्वतःचं नाव उशिरा मिळालं. ब्रिटिश राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' हा खरं तर लाल स्पिनेल. माणिक आणि स्पिनेल वेगळे आहेत हे शास्त्रीयदृष्ट्या १७८३ साली मांडलं गेलं. निळ्याचीही तीच गत. अजूनही त्याची ओळख करून देताना आधी नीलमाचं नाव घ्यावं लागतं. मीही वर तेच केलं.

खडा पाहायला जाल तेव्हा दुकानातल्या पांढऱ्या झोतावर विसंबू नका. खिडकीपाशी सावलीत धरा, मग साध्या पिवळ्या बल्बखाली. मग आडवा करून कडेने पाहा: नीलम तिथे रंग बदलू शकतो, स्पिनेल बदलत नाही. आणि तो करडा निळा पहिल्या नजरेत मनात भरला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पुन्हा एकदा बघा.