साध्या महाविद्यालयाची पदवी आणि जर्मनीतील नोकरी

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे की, मराठवाड्यातील एका फारसे नाव नसलेल्या खाजगी महाविद्यालयातून तुम्ही यंत्र अभियांत्रिकीची पदवी ६१ टक्क्यांनी घेतली, गेली चार वर्षे चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करीत आहात, आणि जर्मनीत नोकरी शोधताना महाविद्यालयाचे नाव आडवे येईल या भीतीने आधी तिथेच मास्टर्स करावे का, असा विचार करीत आहात. मी अशाच एका महाविद्यालयातून निघून २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या परिसरात आलो. त्या अनुभवावरून सांगतो की केवळ नाव धुऊन काढण्यासाठी मास्टर्स करू नये.

पुण्यात आपल्याला जे सोसावे लागते ते मी विसरलेलो नाही. कॅम्पसला चांगली कंपनी येत नाही, पूल कॅम्पसला (अनेक महाविद्यालयांची मिळून होणारी भरती) गेलो तर दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्क्यांची अट असते, आणि मुलाखत घ्यायला बसलेला माणूस बायोडेटावरील महाविद्यालयाचे नाव वाचून पुढचे पान उलटत नाही. जर्मनीतील छोट्या कारखान्याच्या मालकाला मात्र लातूरचे महाविद्यालय आणि पुण्याचे महाविद्यालय यांतला फरक माहीत असण्याचे कारणच नाही; फार तर आयआयटी हे नाव त्याच्या कानावर असते. म्हणजे तिथे आपली पाटी कोरी असते. कोऱ्या पाटीचा तोटाही असतो, कारण ओळखीचा सीनियर, शब्द टाकणारे सर, गावाकडचा कोणी, यांपैकी तिथे कोणीही नसते.

तुमच्या संस्थेबद्दल तिथे जो प्रश्न विचारला जातो तो प्रतिष्ठेचा नसून मान्यतेचा असतो, आणि त्याचे उत्तर अनाबिन नावाच्या, परदेशी संस्था आणि पदव्यांची नोंद ठेवणाऱ्या जर्मन सरकारी माहितीसंचात पाहता येते. तिथे तुमच्या महाविद्यालयाचे नाव शोधत बसू नका. पदवी विद्यापीठ देते, त्यामुळे पदवी प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव आहे तेच शोधायचे. त्यापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त संस्था) असा शेरा असेल आणि तुमच्या पदवीचा प्रकारही समकक्ष म्हणून नोंदलेला असेल, तर दोन्ही पाने छापून फाइलमध्ये ठेवा. शेरा संदिग्ध असेल किंवा पदवीची नोंदच सापडत नसेल, तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून तुमच्या पदवीचे वैयक्तिक मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि त्याचे शुल्क सुमारे २०० युरो आहे. आपल्याकडे अनेक जण प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावरच वर्षानुवर्षे काम भागवतात; मूळ पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलेले नसेल तर सर्वांत आधी त्या कामाला लागा.

आता मास्टर्सविषयी. परक्या गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतर करण्याचे एक रूढ सूत्र आहे. त्या श्रेणीत १.० सर्वोत्तम असते आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. कमाल गुण १०० आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० धरली, तर तुमचे ६१ टक्के २.९५ होतात, म्हणजे आपल्याकडची प्रथम श्रेणी तिथे 'ठीक' या सदरात जाते. नावाजलेल्या तांत्रिक विद्यापीठांतील अनेक अभ्यासक्रम २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी मागतात, त्यामुळे गुण खऱ्या अर्थाने आड येतात ते तिथल्या प्रवेशाच्या दारात. चार वर्षांच्या अनुभवानंतर नोकरीच्या दारात त्यांची फारशी चौकशी होत नाही. नेमक्या याच फटीत एजंट उभे असतात. सरकारी विद्यापीठांत शुल्क बहुधा नसते किंवा मर्यादित असते (बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेते), परंतु एजंट तुम्हाला हजारो युरो शुल्काच्या खाजगी संस्थेत बसवतात, कारण त्यांना कमिशन तिथून मिळते. तुमच्या मनातला न्यूनगंड हेच त्यांचे भांडवल आहे, हे जरा स्पष्टच लिहितो.

नोकरीसाठी २०२४ च्या जूनपासून संधी कार्ड (जर्मनमध्ये 'शान्सेनकार्टं') नावाचा मार्ग आहे, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधण्याची परवानगी. पदवी पूर्णपणे समकक्ष ठरली तर त्यासाठी पात्रतेचे ठरावीक गुण जमवण्याची अट राहत नाही. मुदत कमाल एक वर्षाची असते, त्या काळात आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येते, परंतु निर्वाहासाठी दरमहा १,०९१ युरो (हा २०२५ चा आकडा आहे) दाखवावे लागतात. वर्षाचे सुमारे १३ लाख रुपये झाले. एवढी रक्कम अडकवण्यापूर्वी इथूनच सहा महिने अर्ज करून पाहावेत, असे माझे मत आहे, कारण वाहन उद्योगातील मोठ्या कंपन्यांनी अलीकडे नोकरकपात जाहीर केलेली आहे आणि तिथे पोहोचल्यावर महिने फार भराभर जातात.

अर्ज कुठे करायचे, हे त्याहून महत्त्वाचे. सगळे जण म्युनिक आणि बर्लिनच्या बड्या नावांकडे धावतात, तर मला मुलाखतींची बोलावणी आली ती छोट्या गावांतून. श्वाइनफुर्टला बेअरिंगचा उद्योग आहे, टुटलिंगेनला शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा, आणि अशा गावांत स्थानिक तरुण टिकत नाहीत म्हणून मालकांना माणसे हवी असतात. एका मुलाखतीत मालकांनी खणातून एक कातलेला भाग काढला, ड्रॉइंगसह माझ्यापुढे ठेवला आणि यात काय चुकले आहे असे विचारले. एका कडेला बर (धातूची उरलेली धारदार कोर) राहिली होती आणि छिद्राचे माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर होते. पुढचा पाऊण तास आम्ही तो दोष पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे याविषयीच बोललो आणि महाविद्यालयाचा विषय निघालाच नाही. तुम्ही व्हीडीए ६.३ चे ऑडिट जवळून पाहिलेले असेल, तर अर्जात ते सर्वांत वर लिहा. ते उत्पादन प्रक्रिया तपासण्याचे जर्मन वाहन उद्योगाचेच मानक आहे आणि तिथल्या वाचकाला ते तुमच्या पदवीपेक्षा लवकर कळते.

हे संभाषण जर्मनमध्ये झाले, हे मात्र लपवत नाही. छोट्या गावात कारखान्याच्या मजल्यावर इंग्रजी चालत नाही आणि ए-वन या भाषेच्या अगदी पहिल्या पातळीवर तिथे तोंड उघडता येत नाही. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. कारखान्याची पाळी सांभाळून बी-वन ही मधली पातळी गाठायला दीड वर्ष लागेल असे धरून चाला. मास्टर्ससाठी जो पैसा बाजूला काढला असेल, त्यातला थोडा इथे लागू द्या.

राहता राहिले अनुभवपत्र, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त वजन त्यालाच आहे. जर्मनीत नोकरी सोडताना मालक सविस्तर प्रशस्तिपत्र देतो, त्यात कामांची यादी असते आणि मूल्यमापनाची भाषा सांकेतिक असते: 'सदैव पूर्णतम समाधान दिले' म्हणजे उत्कृष्ट, आणि नुसते 'समाधान दिले' म्हणजे जेमतेम. आपल्याकडचे एचआर सवयीने 'काम समाधानकारक आढळले' असे लिहितात. आपण ते सभ्यतेचे वाक्य समजतो, पण जर्मन वाचकाच्या डोळ्यांना तो नापासाच्या काठावरचा शेरा दिसतो. माझ्या पहिल्या पत्रात हेच वाक्य होते आणि एकूण मजकूर तीन ओळींचा होता. नवे पत्र मागायला गेलो तोपर्यंत तो कारखाना बंद पडला होता आणि माझे साहेब कुठे गेले हे कोणालाच सांगता येईना. तुम्ही कोणते भाग, कोणत्या ग्राहकासाठी, कोणत्या मशीनवर तपासता, किती पुरवठादार सांभाळता, कोणती तक्रार कशी मिटवली, हे दोन पानांत स्वतः लिहून काढा आणि तुमचे साहेब त्या खुर्चीवर आहेत तोवर लेटरहेडवर त्यांची सही घ्या.